सहमाची वजाबाकी

चार कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेला पिवळा कागद, मधे आप्पांचं टपोरं अक्षर – ‘माघ संपेपर्यंत वादविवाद टाळावा’ – आणि तो कागद स्टिअरिंगवर धरून प्रीता युनिव्हर्सिटीच्या पार्किंग लॉटमध्ये बसलेली, काचेवर पावसाची रिपरिप. रेडमंडच्या घरून निघताना हा पर्समध्ये कशाला टाकला, देव जाणे! दर वाढदिवसाला आप्पा कऱ्हाडहून वर्षफल, म्हणजे पुढच्या वर्षाचं भाकीत, पाठवतात, ती हसते, आणि तरी जपून ठेवते... आणि आज नऊला वादच. सॉफ्टवेअरची चांगली नोकरी सोडून, पाच वर्षं रक्त आटवून ज्योतिषाच्या इतिहासावर लिहिलेल्या थिसिसचा डिफेन्स, कमिटीच्या प्रश्नांसमोर.

“पोस्टपोन कर की,” आप्पा परवा फोनवर म्हणाले होते. “महिनाभरानं काय बिघडतंय?”

छे! मुळीच नाही. ग्रहांचं भय नव्हतंच तिला. भय होतं शेवटच्या चॅप्टरचं – जो गाळा असं कमिटीतल्या एका प्राध्यापकानं सुचवलंय, ज्यात आप्पांचं नाव आहे, त्यांची वर्षफलाच्या गणिताची वही आहे, आणि इंग्रजी न वाचणारे आप्पा गावभर सांगत सुटलेत की लेकीनं आमच्या घराण्याच्या विद्येवर लिहिलंय... लिहिलंय खरं. पण काय लिहिलंय ते त्यांना सांगायची छाती झाली नाही माझी.

दहा वर्षांची होते. आप्पांनी पाटीवर वर्षफलातलं पुण्यसहम काढायला शिकवलं – माणसाचं भाग्य कुंडलीत कुठे बसलंय तो बिंदू. दिवसाचा जन्म असेल तर चंद्रातून सूर्य वजा, त्यात लग्न, म्हणजे जन्मवेळी उगवणारी रास, मिळवायचं. रात्रीचा असेल तर वजाबाकी उलट. आणि मग इथल्या लायब्ररीत, बाराव्या शतकात स्पेनमध्ये अरबीतून लॅटिनमध्ये उतरवलेल्या ग्रंथाच्या पानावर तीच वजाबाकी – तीच! अशा ग्रंथांवरून युरोपातले वैद्य रक्त काढायची वेळ ठरवत, पंडित गुरू-शनीच्या युतीवरून राज्यं नि धर्म कधी उलटतील ते मांडत. अरबांकडून एक वाट तिकडे गेली, एक फिरत फिरत आप्पांच्या पाटीवर आली. हे परक्यांसमोर ठणकावून सांगायचं, आणि ज्याची पाटी त्यालाच अंधारात ठेवायचं? लाज वाटली तिला स्वतःची, चांगलीच.

वीस मिनिटं होती. तिनं फोन लावला आणि एका दमात सांगून टाकलं – वर्षफलाची ही रीत आपल्या घराण्याची नाही, आप्पा, ती अरबांकडून आलीय, आणि मी ते तुमच्या नावानिशी लिहिलंय.

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

“रात्रीच्या जन्माला वजाबाकी उलट करतात ते?”

“हो, आप्पा.”

“त्यांच्या ग्रंथाचं पान पाहिलंस? स्वतः?”

“स्वतः.”

मग, “बरोबर आहे त्या अरबांचं,” एवढंच, आणि फोन ठेवला.

रागावले, की... कळेना. आशीर्वादही दिला नाही. असं कधी झालं नव्हतं. पण पाय मात्र आपसूक गाडीबाहेर पडले, पावसात, भराभर. चॅप्टर गाळा म्हणे! आप्पांना सांगून झालंय – आता या बाकीच्यांना सांगायला मला कसलं आलंय भय?