फळीवरची बरणी

बरणीचं झाकण फुगलं होतं. सॉसवालीने ते बोटाने दाबलं. टक् करून आत गेलं आणि पुन्हा वर आलं.

प्रत्येक घाण्यातली एक बरणी आठवडाभर उबदार फळीवर ठेवायची, ती पाहूनच बाकीचा माल सोडायचा, हा मावशींचा नियम. मावशी डबाबंद अन्नाच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या. नव्या उद्योजकांच्या मार्गदर्शन योजनेतून त्या हिच्या वाट्याला आल्या होत्या. आज सकाळी घाईत फळी न बघताच हिने चोवीस बरण्या कोपऱ्यावरच्या दुकानात पोचवल्या होत्या.

"एकच तर फुगलीय," लेबलं चिकटवत नणंद म्हणाली. "मावशींना सांगितलंस तर योजनेतून नाव उडेल. बस मग सॉस चाटत!"

हात फोनकडे जाईना. पण फुगलेल्या बरणीतल्या विषाला कधीकधी वासही नसतो, चवही नसते, हे मावशींचं वाक्य डोक्यातून हलेना. तिने फोन लावला.

मावशी अर्ध्या तासात आल्या. ओरडल्या नाहीत, त्याचीच जास्त धास्ती वाटली.

"आंबटपणा मोजायचा मीटर ज्या द्रावणात जुळवतेस, ते वापरून झालं की काय करतेस?"

"परत बाटलीत ओतते. वाया कशाला घालवायचं?"

मावशींनी कपाळाला हात लावला. "अगं बाई, तळणीचं तेल आहे का ते? द्रावणच बिघडलं, मग मीटर खोटंच बोलणार. सॉस हवा तेवढा आंबट नव्हताच, म्हणून विषाचे जंतू वाढले."

"योजनेत कळवाल?"

"कळवणार. माझ्या नावासकट. द्रावणाची बाटली मीही कधी तपासली नाही. चल आता."

दुकानात तेवीसच निघाल्या.

"एक समोरच्या शिंपीणबाईंनी नेली," दुकानदार म्हणाला. "का हो?"

तिने मावशींकडे पाहिलं. मावशींनी मानेनेच दुकानदाराकडे खूण केली. तिलाच बोलायचं होतं.

"माझी चूक झालीय. खाणं धोक्याचं आहे. सगळ्या परत द्या."

दुकानदाराने बरण्या पुढे सरकवल्या आणि मावशींकडे बोट दाखवलं. "पुढच्या वेळी या बाईंची सही असेल तरच ठेवीन."

ती रस्ता ओलांडून पळाली. शिवणयंत्राशेजारी बरणी होती, बंद. तिने झाकण दाबलं. टक्.

"उद्या पाहुणे यायचेत, तेव्हा उघडणार होते," शिंपीणबाई म्हणाल्या.

परत येताना बरणी दोन्ही हातांत धरूनही थरथरत होती.

"कापतायत माझे हात," ती म्हणाली.

"कापू देत," मावशी म्हणाल्या. "माझे चाळीस वर्षं कापतायत. फळीवर बरणी उगाच ठेवायला लावते होय मी?"