धारेखाली

कामरगावच्या शिवारात विकासची संत्र्याची बाग होती. ठिबकच्या नळ्या क्षारानं बुजल्या, म्हणून त्यानं बायकोला ॲसिड ओतायला लावून ते त्यात सोडलं, पंप बंद केला आणि सकाळभर ते तसंच नळ्यांत ठेवलं. दुपारी नळीच्या टोकाचं टोपण काढून पाहिलं तर पांढरा थर जागच्या जागी. वरची साय तेवढी मऊ झालेली.

"तू ॲसिड कमी टाकलं," म्हणत त्यानं बायकोच्या थोबाडीत मारली.

"अख्खी कॅन रिकामी केली मी," वैजयंती गाल धरून म्हणाली. "उभं राहून त्याचा जोर मेला. चालतं ठेवा, मंग क्षार खाईन ते."

सकाळीच तिनं क्षाराची एक कपची ॲसिडच्या थेंबात टाकून पाहिली होती. नुसती ठेवली की थोडं फसफसून गप्प व्हायची. हलवली की पुन्हा उकळायची.

"मले शिकवते?" दुसरी बसली. पण नवी कॅन जोडून त्यानं पंप चालू केला. नळ्या खदखदू लागल्या, पांढऱ्या पापुद्र्यांचा गाळ टोकातून भडाभडा बाहेर पडला. तिचं खरं ठरलं, हेच त्याला सोसलं नाही. त्यानं तिचे केस धरून तिला फिल्टरपर्यंत फरफटत नेलं. तिनं पाइप घट्ट धरला. तिच्या हातावर मारलेली लाथ पाइपच्या जोडावर बसली. जोड उडाला आणि ॲसिडची पिचकारी थेट त्याच्या तोंडावर आली.

तो गुरासारखा ओरडला. त्याचा धाकटा भाऊ राजू धावत आला, पंप बंद करून ओला टॉवेल त्याच्या डोळ्यांवर दाबू लागला.

"काढा तो!" वैजयंतीनं टॉवेल हिसकला. "ॲसिड तिथंच दाबून राह्यले तुमी! विहिरीची मोटर लावा!"

हौदाच्या काठावर विहिरीचा पाइप होता. पाणी सुटताच तिनं नवऱ्याची मान धरून चेहरा धारेखाली घातला, बोटांनी पापण्या फाकल्या. गुदमरून तो लाथा झाडू लागला. त्याच्या कोपरानं तिचा दात पडला. तो तिचं मनगट चावला. तिनं त्याच्या पाठीत गुडघा रोवला, केसांना हिसडा दिला आणि पुन्हा धारेखाली ढकललं.

"मारून राह्यली मले!" तो किंचाळला.

"वयनी, सोडा त्याले!" राजूनं तिला मागं ओढलं. तिनं त्याच्याही छातीत लाथ घातली.

"जवळ येऊ नका! थांबलं तर डोळे जातीन!"

तिच्या तोंडातलं रक्त पाण्यात मिसळून वाहत होतं. इतक्या वर्षांचा राग हातात उतरला होता, हे तिला कळत होतं. हात मात्र तिनं सैल केला नाही. त्याची धडपड थांबून तो रडू लागला, तरी धार चालूच ठेवली. मग राजूनं जीप आणली.

वाशीमच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, एक डोळा पूर्ण वाचला, दुसऱ्यानं धूसर दिसेल. पाणी वाहतं ठेवलं नसतं तर दोन्ही गेले असते. विकास भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता की बायकोनं बुडवून मारायला काढलं होतं.

"खोटं नको बोलू, दादा," राजू पहिल्यांदाच त्याच्यावर ओरडला. "मी होतो तिथं. माह्यासमोर तिनं तुले वाचवलं."

पट्टी सुटली त्या दिवशी वैजयंती पिशवी घेऊन खाटेजवळ उभी राहिली.

"दिसते का?"

"दिसते."

"मी धनजले जाऊन राह्यली, बाबाकडे."

"काहून? जेवण कोण आणीन?"

ती दाराकडे वळली. राजूनं पिशवी उचलली आणि तिला एसटीपर्यंत पोचवून दिलं.