इंजिनाला हळदकुंकू

काळूरामने चहाचा अर्धा ग्लास बाकड्यावर ठेवला आणि उघड्या इंजिनापुढे तो तसाच उभा राहिला. वरचं दातेरी चाक घासूनपुसून लख्ख झालं होतं. खालचंही. दोन्हींवर गोल फिरून हळदकुंकवाची बोटं लागली होती आणि मधल्या बोल्टावर झेंडूचं फूल बसलं होतं. द्वारकाबाई हात जोडून उभ्या होत्या. त्यांचे यजमान, कर्जतचे शरच्चंद्र वकील, न्यायाधीशापुढेही वाकत नसतील इतके वाकले होते.

"मुहूर्त टळत होता," बाई म्हणाल्या. "म्हटलं, तुमचा चहा होईतो उरकून घ्यावं."

दिवस खंडेनवमीचा. शिळफाट्यावरची बाकीची गॅरेजं हत्यारांची पूजा करून बंद झाली होती. काळूरामच्या घरी धर्मांतरानंतर हत्यारांना हात जोडणं थांबलं होतं, त्यामुळे या दिवशी त्याच्याकडे रांग लागे. वकिलांना संध्याकाळच्या आत घाट चढून लोणावळ्याला पोचायचं होतं आणि त्याआधी इंजिनाचा जुना झालेला पट्टा बदलून हवा होता.

"हितं पांढरे ठिपके व्हते," काळूराम हळूच म्हणाला. "दोनी चाकांवर. रंगाचे."

"ते होय? मला वाटलं चुना उडालाय. रॉकेलच्या फडक्याने काढला."

"आन चाक फिरलं का वो?"

"फिरलं नाही, फिरवलं. मागच्या अंगाला बोट कसं पोचणार? तुमचा पाना अडकवलेलाच होता. जड गेलं, तेव्हा यांनी हात लावला."

वकील संकोचून हसले. "दोन्ही चाकं. एकाला लावलं आणि एकाला नाही, असं नको."

काळूरामने डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली. ही दोन चाकं एकमेकांच्या चालीने फिरायला हवीत. पट्टा त्यांना बांधून ठेवतो. एका दाताने चुकलं तरी इंजिन खोकत बसतं. त्यासाठी कंपनी दोन्ही चाकांवर बारीक खाच पाडते, आणि ती इंजिनाच्या अंगावरच्या खाचेसमोर आणून मगच पट्टा चढवायचा असतो. हे काळूरामला चांगलं ठाऊक होतं. फक्त खाच दिसत नव्हती. हाताएवढ्या अंतरातलं सगळं हल्ली धुक्यात गेलं होतं, आणि हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. म्हातारपणी चष्मा लावलेल्या जैतू मिस्त्रीला शिळफाटा हसला होता. सगळ्यात मोठ्याने काळूरामच हसला होता. जैतूची गिऱ्हाइकं तेव्हाच त्याच्याकडे आली. म्हणून तर जुना पट्टा काढण्याआधी त्याने ते जाडजूड ठिपके दिले होते.

त्याने मान मागे नेली, पुढे आणली, परत मागे नेली. नखाने चाक चाचपलं. दातच दात.

"काय शोधताय?" वकिलांनी विचारलं.

"काय नाय. हवा बगतोय."

"चाकात?"

"वकीलसायेब, तुमी जरा उजेडातनं सरा."

वकील सरले. उजेड आला, पण खाच आली नाही. मग काळूरामने वैतागून फडकं घेतलं आणि वरच्या चाकाची पूजा खसाखसा पुसून टाकली. हळद गेली, कुंकू गेलं. एका जागी मात्र तांबडी रेघ तशीच राहिली. त्याने तिथं पुन्हा घासलं. रेघ जाईना. कुंकू खाचेत बसलं होतं.

मग त्याने खालचं चाक पुसलं. तिथंही रेघ निघाली. इंजिनाच्या अंगावरच्या खाचांची पूजा मात्र कोणी केली नव्हती. काळूरामने बाईंच्या करंड्यातलं चिमूटभर कुंकू उचललं आणि लोखंडावर चोळलं.

नेमकी तेव्हाच त्याची बायको चंद्राबाई भाकरी घेऊन आली. ती दारातच थबकली.

"अवो! इतक्या वर्सांनी?"

"गप गं. काम हाय."

रेघेसमोर रेघ आली. पट्टा चढला. वकिलांनी चावी फिरवली आणि इंजिन पहिल्याच हाकेला ओ देऊन गुरगुरू लागलं.

"काय नजर आहे हो तुमची!" वकील म्हणाले.

"सवय हाय."

द्वारकाबाईंनी नाकावरची चाळिशी काढून त्याच्याकडे पाहिलं. गाडी फाटकाबाहेर पडल्यावर काळूराम चहाकडे वळला, तर ग्लासाशेजारी द्वारकाबाईंची चाळिशी. तो धावला.

"बाई, चष्मा! चष्मा राह्यला!"

बाईंनी खिडकीतून हात हलवला. "असू द्या. घरी दुसरा आहे."

चंद्राबाई नळावर हात धूत होती. काळूरामने इकडेतिकडे बघून ती गुलाबी काड्यांची चाळिशी नाकावर चढवली. तळहातावरच्या रेघा एकदम वर आल्या. नखातली काजळी दिसली. मजा वाटली त्याला. अंगणात फाट्यावरच्या गजाचा टेंपो होता. सकाळीच काळूरामने त्याचे ब्रेक करून दिले होते. माल भरून गजा निघायच्या बेतात होता. गंमत म्हणून काळूराम चाकाशी उकिडवा बसला आणि ब्रेकच्या नळीकडे बघू लागला.

नळीच्या तोंडाशी एक थेंब जमत होता. तो पडला. दुसरा जमू लागला. काळूरामने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला.

"गजा, चावी काढ रं."

"का? तुमीच बोल्ला ना, झालं म्हून?"

"आता मीच बोलतो, नाय झालं."

गजाने वरून डोकं बाहेर काढलं. काळूरामच्या तोंडाकडे बघून त्याचे ओठ थरथरायला लागले. नळावरून चंद्राबाईही बघत होती.

काळूरामचा हात नाकाकडे गेला, आणि खाली आला.

"हसायचं तर हास," तो म्हणाला, "पन आदी खाली उतर."