उजव्या चाकाची टक

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी गाडी जॅकवरून खाली उतरली. चार वाजून सोळा मिनिटांनी ती पुन्हा जॅकवर चढली.

मधल्या सहा मिनिटांत चिमणी ती घेऊन गल्लीला एक फेरी मारून आली होती. चिमणी हे घरातलं नाव; बाई अंगापिंडानं भरभक्कम, आणि एकवीस वर्षं शहराची बस चालवणारी. कोपऱ्यावरच्या गतिरोधकावरून जाताना डावं चाक गप्प राहिलं. उजवं म्हणालं, टक.

पाच वाजता दातांचे डॉक्टर गाडी घ्यायला येणार होते.

गाडी बाबांची. दोन सीटांची, लाल, उघड्या टपाची, वय सेहेचाळीस. गेली दोन वर्षं पुढच्या चाकांतून टकटक यायची, तेव्हापासून बाबांनी ती चालवणं सोडलं होतं. "माझे गुडघे वाजतात, हिची चाकं वाजतात. एका गाडीत दोन तक्रारखोर नकोत," असं म्हणून त्यांनी ती विकायचा डॉक्टरांना शब्द देऊन टाकला. बाबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पण टकटक गेली तर कदाचित रेघही पुसली जाईल, अशी चिमणीला आशा होती. याच गाडीत बाबांच्या शेजारी बसून ती गिअर टाकायला शिकली होती. ही गाडी दुसऱ्याच्या दारात उभी राहिलेली तिला बघवणार नव्हती.

म्हणून सकाळीच दोघा भावंडांनी चाकं वाटून घेतली. डावं तिचं, उजवं दादाचं. काम दोन्हीकडे सारखंच: चाकामागचा पोलादी खांब उतरवायचा, स्प्रिंग शिकंज्यांत दाबून बाजूला काढायची, खांबाच्या पोकळ नळीतला गळका शॉकअप काढून नवा घालायचा आणि वरून जाड गोल नट आवळायचा. चिमणीनं बाराला हात धुतले. दादा घड्याळजी. दोन वाजले तरी तो नळी आतून साफ करत होता, तीही दात घासायच्या ब्रशनं.

"डॉक्टर खूश होतील," चिमणी तेव्हा म्हणाली होती.

आता तिनं विचारलं, "दादा, नट किती आवळलास?"

"पुरेसा. घट्ट लागला तसा थांबलो."

"कशाला घट्ट लागला?"

"बोटांना." दादानं चष्मा पुसला. "आमच्यात अर्धा आटा जास्त गेला की माल संपला. अति तिथं माती, चिमणे."

"आणि कमी तिथं टक."

खांब पुन्हा उतरला. तिच्या नुसत्या अंगठ्यानं नट फिरला. आत नवाकोरा शॉकअप खुळखुळ्यासारखा हलत होता.

"आणि तेल? तो तापू नये म्हणून भोवती तेल घालायचं होतं."

"घातलंय की."

"किती?"

"एक थेंब," दादा म्हणाला. मग जरा थांबून, "मोठा."

चिमणी फरशीवर बसकण मारून पोट धरून हसली. दादा आधी रागावला, मग त्यालाही हसू आवरेना. त्यात चार मिनिटं गेली.

नळीत रीतसर तेल ओतून झाल्यावर तिनं पान्याच्या दांड्यावर हातभर पाइप चढवला आणि तो दादाच्या हातात दिला.

"मी कशाला?"

"चाक तुझं."

दादानं डोळे मिटून जोर लावला. "झालं?"

"अजून."

"तुटेल गं."

"बसच्या चाकाचा नट असता तर मी पाइपावर उभी राहिले असते. अजून."

नट करकरला आणि थांबला. दादानं एक डोळा उघडून पाहिलं. काही तुटलं नव्हतं. मग कुणी न सांगता त्यानं आणखी एकदा जोर दिला.

चार अठ्ठावन्नला गाडी खाली आली. पाचच्या ठोक्याला डॉक्टर आले, आणि पाठोपाठ घरातून बाबा, डोक्यावर टोपी घालून.

"किल्ली आण," ते चिमणीला म्हणाले. "माणसानं वाजती वस्तू विकू नये. एकदा ऐकून येतो."

"मी येते बाबा."

"दोनच सीटा आहेत." गुडघे सांभाळत ते आत बसले आणि टोपी काढून शेजारच्या सीटवर ठेवली. "एक माझी, एक हिची."

तिघं फाटकात कान देऊन उभे राहिले. गतिरोधक आला. डावं गप्प. उजवं गप्प. बाबांनी गाडी थांबवली, मागे घेतली आणि पुन्हा त्याच गतिरोधकावरून नेली. तिथून उजवीकडे वळलं की गल्लीला वळसा घालून दोन मिनिटांत घर येतं. बाबा डावीकडे वळले.

साडेपाचला त्यांना फोन लावला. तो बाहेरच्या खोलीत वाजला. पावणेसहाला चिमणीच्या डेपोतल्या सोबत्याचा फोन आला. "तुझे बाबा पुलावर माझ्या बसला मागे टाकून गेले. वर हात पण केला."

डॉक्टरांचा दुसरा चहा संपला. "शब्दाचे पक्के आहेत ना?" त्यांनी विचारलं.

"एकदम," दादा म्हणाला आणि त्यानं चिमणीकडे बघायचं टाळलं.

शेवटची खबर सहा वाजून पाच मिनिटांची, त्याच सोबत्याकडून. पुलापलीकडच्या पंपावर बाबांनी टाकी काठोकाठ भरून घेतली, पुढच्या काचेवर स्वतः फडकं मारलं, आणि ते घराच्या उलट दिशेनं निघाले.