डोंगर दिसतो त्याचे पैसे

आमच्या व्हरमाँटच्या गावात घरपट्टीसाठी घरांच्या किमती गावातलीच माणसं ठरवतात. त्यांना मार्चच्या गावसभेत निवडून देतात म्हणे. निवडून कसलं? मी कॉफी घ्यायला उठले, तेवढ्यात माझं नाव घालून मोकळे झाले सगळे! तेव्हापासून ही धोंड माझ्या गळ्यात आहे. दुकानात दूध आणायला गेले तरी लोक ‘कशी आहेस’ विचारत नाहीत. ‘हॅटी, माझं छप्पर गळतंय बरं का,’ इथूनच सुरुवात.

यंदा अख्ख्या गावाची नव्याने पाहणी झाली आणि विनी कटिंगच्या घराची किंमत टुणकन वर गेली. विनी माझी समोरची शेजारीण, मध्ये फक्त कच्चा रस्ता. घर तेच, रंगाचे पोपडे तेच, गळकी न्हाणीसुद्धा तीच. पण मागच्या वादळात तिच्या परसातली पाइनची उंच झाडं आडवी झाली आणि परसातून अख्खा डोंगर दिसायला लागला. घराची किंमत म्हणजे गिऱ्हाईक जे देईल ते, आणि बॉस्टनची गिऱ्हाइकं डोंगर दिसला की वेडी होतात. त्यामुळे देखाव्याचीही किंमत धरावी लागते. नियम काही मी केलेला नाही, पण शिव्या मलाच.

गंमत म्हणजे तिचा नवरा मर्ल जन्मभर म्हणत राहिला, “ते पाइन काढू या गं, डोंगर दिसेल.” आणि विनी जन्मभर म्हणत राहिली, “घरपट्टी वाढेल.” शेवटी मर्ल गेला, आणि त्याच हिवाळ्यात पाइनही गेले.

नवा आकडा कळला तशी विनी रस्ता ओलांडून तरातरा माझ्या दारात.

“हॅटी, डोंगर काय मी बांधलाय?”

“नाही गं बाई.”

“मग त्याचे पैसे मी का भरू?”

“तक्रारीच्या दिवशी ये आणि रीतसर सांग.”

“सांगते ना! माझ्या पेन्शनीत नाही बसत हे. घर विकायला लावशील तू मला.”

एरवी ती मला टोमणे मारते तेव्हा मी दोन परत मारते. पण हे तिने चेष्टेत म्हटलेलं नव्हतं. मला रात्री जेवण गेलं नाही.

तक्रारीच्या दिवशी तिने सरळ कानांवर हात ठेवले. “देखावा? कसला देखावा? मला तर काही दिसत नाही.” आता असं म्हटल्यावर जाऊन बघणं आलंच. म्हणून मी आणि माझ्या जोडीला निवडून आलेला ड्वेन, मेच्या शेवटी, चावऱ्या माश्या हाकलत तिच्याकडे गेलो.

जय्यत तयारी होती! परसात दोरीवर घरातली सगळी ब्लँकेटं वाळत घातलेली. मागच्या पडवीसमोर मर्लचा गंजका ट्रक आडवा लावलेला. त्या ट्रकला मर्लनंतर तिने कुणाला बोट लावू दिलं नव्हतं, विकत मागायला आलेल्यांना तर हाकलून दिलं होतं. आणि त्यात नशिबाने धुकंही दाट.

“कुठाय डोंगर?” विनी म्हणाली. “दाखव की मला.”

ड्वेन बिचारा गाईगुरांतला माणूस, भिडस्त. तो म्हणाला, “खरंच नाही दिसत हो, विनी.”

“मग बसा. रूबार्बचा पाय केलाय.”

आम्ही पडवीत बसलो. रूबार्बच्या आंबट देठांचं सारण भरून भाजलेला तो गोड पाय फक्कड झाला होता. विनी खुशीत होती, ड्वेनला दुसरा तुकडा वाढायला उठली, आणि तेवढ्यात धुकं फाटलं.

“अगंबाई! बघा, बघा, माथ्यावर बर्फ आहे अजून!” विनी ओरडली. हातातली ताटली तिने माझ्या मांडीवर टेकवली आणि ड्वेनला दंडाला धरून उठवलं. “तिथून नाही दिसायचा, ट्रक आड येतोय. इकडे कोपऱ्यात या. ह्या खुर्चीत बसा. मी रोज कॉफी इथेच…”

मग तिने जीभ चावली. कोपऱ्यात दोन खुर्च्या होत्या, डोंगराकडे तोंड करून. ड्वेन पायात काटा रुतल्यासारखा उभा. मला हसू आवरेना. पण तिचा चेहरा बघितला आणि माझं हसू विरलं.

“मर्लला बघू दिला नाही मी,” विनी म्हणाली. “चार पैशांसाठी.”

मी कामाचंच बोलले. “विनी, झाडं लाव पुन्हा. रोपं मी आणून देते. डोंगर झाकला गेला की मी स्वतः किंमत उतरवीन.”

“बघते,” ती म्हणाली, आणि पायवर झाकण घातलं. वाढलेली किंमत आम्हाला तशीच ठेवावी लागली.

ऑक्टोबरात मी गाडीत पाइनची रोपं भरून तिच्या परसात गेले, तर ट्रक गायब.

“दिला विकून,” विनी म्हणाली. “जुन्या गाड्या जमवणारा एक वेडा आला होता. यंदाची घरपट्टी निघाली. वरची खोली शाळेतल्या गाण्याच्या बाईला दिलीये, पुढचं त्यातून निघेल. रोपं आणलीस? दे.”

आणि रोपं घेऊन ती निघाली घराच्या पुढच्या बाजूला! रस्त्याच्या कडेने, बरोब्बर माझ्या घरासमोर, खड्डे तयार होते.

“अगं, डोंगर मागे आहे!”

“माहितीये मला.”

“मग ही इथे कशाला?”

“डोंगराचे पैसे मोजलेत, तो दिसू दे.” तिने पहिलं रोप खड्ड्यात उभं केलं. “तू फुकट दिसतेस उठल्यासुटल्या, ते बंद करायचंय. बघत काय राहिलीस? पाणी आण.”

मी मुकाट्याने बादली उचलली.