पाठ घरी आहे

आमच्या घरात सगळे असे का वागतात हे शोधून काढायला आईने डॉक्टर लेआंद्रोला निवडलं. आमच्या रोसारिओ शहरात मानसोपचारवाले गल्लोगल्ली आहेत, पण हा नुसतं बोलायला लावत नाही, करायला लावतो, असं तिच्या मैत्रिणींचं म्हणणं. बाबा औषधाचं दुकान बंद करून आले आणि वाटभर गप्प राहिले. ते एरवीही गप्पच असत, आणि आईची तक्रार तीच होती.

डॉक्टर अनवाणी होता. त्याने आम्हालाही बूट काढायला लावले. बाबांच्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. आईने त्या भोकाकडे असं पाहिलं की उपचार तिथेच सुरू झाले.

"नेलिदा, तुम्ही शिल्पकार, हे दोघं माती," डॉक्टर म्हणाला. "घरात तुम्हाला जसं वाटतं तसं त्यांना उभं करा. न बोलता."

न बोलणं आईला जमण्यातलं नव्हतं. "ग्रिसेल्दा, माझ्या पायाशी बस. स्कर्ट धर. घट्ट धर की जरा."

मी शाळेत भूगोल शिकवते, पण बसले. बाबांना तिने कोपऱ्यात नेऊन भिंतीकडे तोंड करून उभं केलं. स्वतः खुर्चीवर चढून हात पसरले, चर्चमधल्या मूर्तीसारखे.

"आता तसेच राहा. अनुभवा."

आई लगेच रडली. डॉक्टरचेही डोळे भरून आले; तो ते पुसत नव्हता, दाखवत होता. मग तो बाबांपाशी गेला.

"आन्सेल्मो, काय वाटतंय?"

"बरं वाटतंय."

"आत, खोलवर?"

"खोलवरही बरंच. इथे शांत आहे."

"मग आता तुम्हाला जिथे असावंसं वाटतं तिथे जाऊन उभे राहा."

बाबा हलले नाहीत. डॉक्टरने पुन्हा सांगितलं. बाबांनी कपाळ भिंतीला टेकवलं.

"ही पाठ काहीतरी सांगतेय, नेलिदा. तिचं ऐका."

"पाठीचं ऐकायला इथे कशाला येऊ?" आई खुर्चीवरूनच म्हणाली. "पाठ घरी आहे."

पुढच्या खेपेला शिल्पकार मी. डॉक्टरला खुर्चीवर चढवलं, आईला त्याच्या शेजारी उभं केलं, दोघांना एकमेकांचे अश्रू पुसायला लावले. बाबा न सांगताच कोपऱ्यात गेले होते.

"आणि यात तू कुठे आहेस?" डॉक्टरने वरून विचारलं.

"बाहेर," म्हणत मी बूट चढवले.

"फार प्रामाणिक. तिथेच थांब, अनुभव."

मी जिना उतरले आणि त्याच महिन्यात शाळेजवळ खोली घेतली. मुलगी मोकळी झाली, असं डॉक्टर आता आपल्या वर्गात आमचं उदाहरण देतो म्हणे. आई त्या वर्गाला जाते आणि रविवारी शेजाऱ्यांवर सराव करते.

परवा जेवायला गेले तर दिवाणखान्यात दोन शेजारी गुडघ्यांवर होते. बाबा स्वयंपाकघरात रॅव्हिओलीचा रस्सा ढवळत होते.

"कोण रडतंय?" त्यांनी विचारलं.

"अजून कुणीच नाही."

"मग वेळ आहे," म्हणत त्यांनी गॅस बारीक केला.