गंगाधरबुवांचा ॲम्प्लिफायर

भोईवाड्यातल्या भजनमंडळात गंगाधरबुवांच्या गळ्याबद्दल हळू आवाजात बोललं जायचं, म्हणजे बुवांना ऐकू जाईल इतपतच हळू. घशाचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांचा आवाज मध्येच बुडतो, तेव्हा रविवारच्या डबलबारीला दुसरा बुवा बघावा, असं मंडळाचं ठरत आलं होतं. डबलबारी म्हणजे दोन बुवांचा भजनातला सामना. तिथे आवाज बुडालेल्याला कोण विचारतो?

बुवांची मुलगी दर्शना लिफ्टच्या कंपनीत इलेक्ट्रॉनिक्सचं काम बघायची. मंडळाचा ॲम्प्लिफायर ऑपरेशननंतर तिनेच बनवलेला. शनिवारी सकाळी तालमीत ती कान देऊन बसली आणि तिच्या ध्यानात आलं, मंडळाच्या हितेंद्रने पखवाजावर जोरात थाप मारली, की नेमका तेव्हाच बाबांचा आवाज बुडतो.

“हितू, जरा हळू वाजव ना,” ती म्हणाली.

“डबलबारीत हळू? मग टाळच कुटतो की!” हितेंद्र भडकला.

त्याचंही बरोबर होतं. दर्शनाने मीटर लावला. थाप पडली, की पॉवर सप्लाय पस्तीस व्होल्टवरून पंचवीसवर कोसळत होता. पखवाजाचा माइकही याच ॲम्प्लिफायरला जोडलेला. सगळी वीज तो ओढून घ्यायचा आणि गळ्याच्या वाट्याला उरलंसुरलं. चूक तिचीच होती. बाबांना उचलायला हलका पडावा म्हणून तिने ट्रान्सफॉर्मर लहान घातला होता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्षभर बाबा स्वतःच्या गळ्याला बोल लावत होते आणि ही शहाणी त्यांना गुळण्या करायला सांगत होती!

पण रडत बसणाऱ्यातली ती नव्हती. लॅमिंग्टन रोडवरून वरवंट्यासारखा जड ट्रान्सफॉर्मर आणला, मोठे कपॅसिटर आणले, बाबांच्या माइकला वेगळा सप्लाय दिला. दुपारचं जेवण तसंच राहिलं. जोडणी संपल्यावर आधी बल्ब मध्ये घालून वीज सोडली. बल्ब लखकन पेटला आणि मंदावला. म्हणजे कुठे शॉर्ट नव्हता.

संध्याकाळी पुन्हा तालीम बसली. हितेंद्रने खिडकीच्या काचा थरथरतील अशी थाप मारली. मीटरचा आकडा जेमतेम एका व्होल्टने हलला. बाबांचा आवाज बुडाला नाही. फक्त लांब सुरावर तो कापत होता. दर्शनाने जोडण्या तपासल्या, मीटर पुन्हा पाहिला. सगळं ठीक होतं.

बुवा तिच्याकडेच बघत होते. “ही थरथर मशीनची नाय, ना गो?”

खोटं बोलावं असं तिला फार वाटलं.

“नाही बाबा. ती तुमची आहे.”

बुवांनी माइक आणखी जवळ ओढला.

“सेक्रेटरीक सांगा, उद्या मीच बसतलंय. हितू, वाजव रे. जोरात. आता लपवूचा काय रवला नाय.”